वचन आधी, शिक्षा नंतर

बाप्तिस्मा घ्यायचा विचार पक्का होत आला तेव्हा माझं घोडं देवाच्या अस्तित्वापाशी अडलेलं नव्हतं, येशूपाशीही नव्हतं. ते अडलं होतं आदिपापापाशी. कुणा आदाम-हव्वेनं फळ खाल्लं आणि त्याचा ठपका माझ्यावर, हे काही केल्या गळी उतरत नव्हतं. लहानपणापासून कानावर पडलेला हिशेब वेगळा होता: ज्याचं कर्म, त्याला फळ. त्या हिशेबात वाट्याला येईल ते निदान माझं स्वतःचं तरी असतं. इथे जन्माला यायच्या आधीच नाव आरोपींच्या यादीत! शुभवर्तमानं मी पुन्हापुन्हा वाचली होती, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर बसायला मला आवडायचं. पण हा एक मुद्दा आला की मन मागे फिरायचं.

कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसाला एरवी तडकाफडकी बाप्तिस्मा देत नाहीत. त्यासाठी दीक्षेचा लांबलचक काळ असतो. पहिल्या काही शतकांत ही रीत होती, पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्रास झाल्यावर ती मागे पडली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 साली, तिचा विधी नव्यानं सिद्ध करण्यात आला. आधी नुसती विचारपूस, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, मग शिकवणीचे महिने, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात निवडीचा विधी आणि तीन परीक्षणं, शेवटी पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री बाप्तिस्मा. या वाटेनं मी गेले. त्यातलं पुष्कळ गाळून आदिपापापुरतंच इथे लिहिते आहे.

विचारपुशीच्या पहिल्याच बैठकीत मी फादरना थेट विचारलं, "न केलेल्या पापाची क्षमा मी कशाला मागू?"

"मागू नका," ते म्हणाले. "आदिपापाची कबुली कुणीच देत नाही. पापनिवेदनाला माणूस येतो तो स्वतः केलेलं सांगायला. आदामाचं सांगायला आलेला अजून तरी मला कुणी भेटला नाही."

मग त्यांनी मला चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातले, 1992 सालच्या त्या जाड पुस्तकातले, परिच्छेद 385 ते 421 वाचायला दिले. त्यातला 404 हा माझ्या कामाचा निघाला. तो सांगतो, आदिपाप हे आपण केलेलं नसतं, आपल्याला लाभलेलं असतं. ती कृती नसून अवस्था आहे. जाणूनबुजून केलेल्या पापाला आपण ज्या अर्थानं पाप म्हणतो त्या अर्थानं ते पाप नाही, केवळ साधर्म्यानं त्याला तसं म्हणायचं. 405 पुढे जाऊन म्हणतो की आदामाच्या कुठल्याही वंशजाच्या ठायी ते वैयक्तिक अपराधाच्या स्वरूपाचं नसतं. देवाशी मूळचं जे सख्य मिळायचं होतं, त्याच्याविना आपण जन्मतो, एवढंच.

फादर समजावताना म्हणाले, बापानं घर घालवलं तर मुलगा चोर ठरत नाही, पण तो जन्मतो मात्र बेघर. दृष्टान्त चांगला आहे. तरी मला त्यात वकिली चलाखीचा वास येत राहिला. अपराध नाही म्हणता, मग पाप कशाला म्हणता? फादरनी वाद वाढवला नाही. आम्हा दीक्षार्थींना शिकवणाऱ्या सिस्टरकडे त्यांनी मला सोपवलं.

सिस्टरची पद्धत साधी आणि काहीशी छळवादी होती. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय आम्ही मोठ्यानं वाचायचा, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून सांगायचं: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय. अर्थ कुणी विचारायचा नाही. चोवीस ओव्यांचा तो अध्याय आम्ही अनेक बैठका चघळला. त्यात सफरचंद नाही, हे मला ऐकून माहीत होतं. सापाला तिथे कुठेही सैतान म्हटलेलं नाही, हे मात्र नवीन होतं. ती ओळख शलमोनाच्या ज्ञानग्रंथात आणि प्रकटीकरणात फार पुढे पटते. फळ खाल्ल्यावर देवाचं पहिलं वाक्य आरोपाचं नाही, प्रश्नाचं आहे: तू कोठे आहेस? पुरुष उत्तर देतो ते ऐकण्यासारखं आहे. जी बायको तू मला दिलीस, तिनं मला फळ दिलं. एका दमात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. बायको सापावर ढकलते. सापाला कुणी काही विचारतच नाही.

हे वाचताना वर्गात हसू फुटलं. मी हसता हसता थांबले, कारण हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता. फळ खाण्याचा प्रसंग मला कधीच माझा वाटला नव्हता. पण पकडलं गेल्यावर तोंडातून बाहेर पडणारं ते वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आहे, आणि ते मला कुणी शिकवलेलं नाही. बोलायला येऊ लागलेली पोरं ते आपसूक बोलतात.

मग शिक्षेचा भाग आला. क्रम असा: आधी साप, मग स्त्री, शेवटी पुरुष. सापाला शाप देतानाच देव म्हणतो की तुझ्यात आणि स्त्रीत, तुझ्या संततीत आणि तिच्या संततीत मी वैर स्थापीन. ती संतती तुझं डोकं फोडेल, तू तिची टाच फोडशील. तिसऱ्या अध्यायाची ही पंधरावी ओवी. चर्चच्या परंपरेत हिला आद्य शुभवर्तमान म्हणतात. तारणाऱ्याचं पहिलं वचन ते हेच.

सिस्टरनी नेहमीचा प्रश्न टाकला: कुणाशी बोलतोय?

सापाशी. तारणाचं पहिलं वचन आदामाला दिलेलं नाही, हव्वेलाही नाही. ते शत्रूला सुनावलेलं आहे आणि हे दोघं बाजूला उभे राहून ऐकताहेत. त्यांच्या वाट्याची शिक्षा अजून उच्चारलेलीही नाही. प्रसूतीच्या वेदना सोळाव्या ओवीत, घामाची भाकर आणि मातीत मिळणं त्याच्याही पुढे. वचन आधी, शिक्षा नंतर. इतकी वर्षं हा अध्याय मी हाकालपट्टीचा अध्याय म्हणून ओळखत होते, आणि हा क्रम कधी नजरेत भरला नव्हता.

पुढेही तेच. तू माती आहेस आणि मातीला मिळशील हे ऐकल्यावर लगेच पुढच्या ओवीत आदाम बायकोचं नाव हव्वा ठेवतो, कारण ती सर्व जिवंतांची आई. मरणाची शिक्षा ऐकून आलेला माणूस बायकोला आई म्हणून हाक मारतो! त्याच्या पुढच्या ओवीत देव स्वतः दोघांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. बागेबाहेर काढणं त्याच्यानंतर. चौथ्या अध्यायात हव्वेला पहिला मुलगा होतो आणि ती म्हणते, परमेश्वराच्या साहाय्यानं मला पुरुषसंतान मिळालं. वचन दिलेला तो हाच, असं तिला वाटलं असावं, असा अर्थ प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरनं काढला होता. मुलाचं नाव काइन. तो भावाचा खून करतो. वाट पाहणं किती लांबणार आहे याची कल्पना तिथेच येते.

मराठीत या वाट पाहण्याला एक मोठं घर मिळालेलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिलं पुराण उत्पत्तीपासून जुना करार सांगतं, दुसरं ख्रिस्तचरित्र. जवळपास अकरा हजार ओव्यांतला केवढा तरी हिस्सा तारणारा येण्याच्या आधीचा! मला हे प्रमाण योग्य वाटतं. अब्राहामाला दिलेलं वचन, दाविदाच्या घराण्याला दिलेलं वचन, यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलेलं नव्या कराराचं वचन, हे सगळं ओलांडून आलो की बेथलेहेमची गोष्ट एकटी उरत नाही.

आता उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन. त्याला टाळून आदिपापाविषयी काही बोलता येत नाही, आणि मला तो टाळायचा होता. इ.स. 354 ते 430 हा त्याचा काळ. आदिपाप ही संज्ञा त्यानंच रूढ केली. त्याचा प्रतिपक्षी पेलागियस, ब्रिटनकडून आलेला साधू. पेलागियसचं म्हणणं असं की प्रत्येक मूल आदाम जसा होता तसंच निर्मळ जन्मतं. आदामानं आपल्याला दिला तो फक्त वाईट कित्ता. इच्छा असेल तर माणूस आज्ञा पाळू शकतो. माझी सगळी सहानुभूती अर्थातच पेलागियसला. तसं बोलूनही दाखवलं. फादर म्हणाले, "बहुतेकांची असते. पण त्याचं शेवटपर्यंत वाचा."

वाचलं, आणि पेलागियस मला अचानक भयंकर वाटू लागला. प्रत्येक जण निष्पाप जगू शकतो म्हटलं की प्रत्येक पतन हे संपूर्ण त्या माणसाचंच. व्यसनात सापडलेला, रागानं होरपळलेला, तेच तेच करून बसणारा, या कुणालाही सबब नाही. ख्रिस्त त्यांच्यासाठी फार तर चांगला कित्ता. ज्याला पहिलाच कित्ता गिरवता येत नाही त्याला दुसरा देऊन काय उपयोग? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, नको ते करतो. हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाला पेलागियसकडे जागा नाही. ऑगस्टीनकडे आहे. कार्थेजच्या धर्मसभेनं 418 साली पेलागियसचं मत नाकारलं. पुढे ट्रेंटच्या परिषदेनं 1546 साली ठरवलं की आदिपाप येतं ते वंशपरंपरेनं, अनुकरणानं नव्हे.

पण ऑगस्टीनची एक गोष्ट मी आजही मान्य करत नाही. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या तान्ह्या मुलांना शिक्षा होतेच, फक्त ती सर्वांत सौम्य, असं तो म्हणून गेला. मध्ययुगात त्यावर तोडगा म्हणून या मुलांसाठी लिंबो नावाची जागा कल्पिली गेली: दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. हा चर्चचा सिद्धान्त कधीच झाला नाही. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानं 2007 साली याच विषयावर दस्तऐवज काढला आणि अशा मुलांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत असं म्हटलं. आशा, खात्री नव्हे. मला एवढ्यावर समाधान नाही. तर्काचा धागा न सोडण्याच्या हट्टापायी एक थोर बुद्धी पाळण्यापर्यंत जाऊन पोचली, असं माझं मत आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं तो धागा तिथवर ओढलाच नाही. त्यांच्या मते आदामाकडून आपल्याकडे आलं ते मरण आणि भ्रष्टता, अपराध नाही.

त्या महिन्यांत माझा खरा सोबती होता तो ऑगस्टीनच्याही दोनशे वर्षं आधीचा इरेनेयस, दुसऱ्या शतकातला लिओंचा बिशप. तो म्हणतो की आदाम-हव्वा बालकांसारखे होते, वाढायचे होते. हव्वेच्या आज्ञाभंगानं बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनानं सुटली. ख्रिस्तानं मानवाची सगळी वाटचाल पहिल्यापासून पुन्हा चालून दाखवली. आदाम जिथे घसरला तिथे तो उभा राहिला. या मांडणीत देव रागावलेला मालक वाटत नाही.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आमची निवड झाली. त्या वर्षी तीन वर्षांच्या पाठचक्रातलं 'अ' वर्ष होतं, त्यामुळे वाचनं नेमकी अशी: उत्पत्तीतली बाग, एकावन्नावं स्तोत्र, रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय आणि वाळवंटातला येशूचा मोह. एका माणसाच्या आज्ञाभंगानं अनेक पापी ठरले, एकाच्या आज्ञापालनानं अनेक नीतिमान ठरतील. पौलाचं वाक्य तिथे अडखळतं, मध्येच तुटतं, कारण त्याला समतोल साधायचाच नाही. तो परत परत म्हणतो: तर मग कृपा कितीतरी अधिक. अपराध आणि देणगी सारखी नाहीत, असं तो बजावतो. मला जाणवलं की पौल आदामापासून सुरुवात करून ख्रिस्तापर्यंत आलेला नाही. त्याला आधी भेटला ख्रिस्त, दमिष्काच्या वाटेवर. मग एवढ्या मोठ्या सुटकेची गरज का पडली असावी याचा शोध घेत तो मागे आदामापर्यंत गेला. मी उलट दिशेनं चालत होते, म्हणून भिंतीवर आदळत होते.

परीक्षणं तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी होतात. नावावरून प्रश्नोत्तरं वाटतील, तसं काही नसतं. दीक्षार्थी पुढे येऊन गुडघे टेकतात किंवा मान लववून उभे राहतात, सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, धर्मगुरू मूकपणे डोक्यावर हात ठेवतात आणि दुष्टाच्या पकडीतून सुटका मागणारी प्रार्थना म्हणतात. सिनेमात दाखवतात तसलं भूत उतरवणं मनात धरून मी धास्तावले होते. प्रत्यक्षात तो खांद्यावर धर्ममातेचा, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी माझी पाठराखण करणाऱ्या बाईंचा, हात असलेला शांत विधी होता. त्यानंतर आम्हाला बाहेर पाठवत, कारण बाप्तिस्मा न झालेल्यांनी वचनविधीनंतर थांबायचं नाही, अशी जुनी रीत. पहिल्या खेपेला मला ते अपमानास्पद वाटलं. पुढे त्या बाहेर बसण्यातच बरीच चर्चा झाली.

त्या तीन रविवारांची शुभवर्तमानं ठरलेली आहेत: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाजर. मधल्या रविवारी माझा जुना प्रश्न दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आला. जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात: गुरुजी, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो: यानंही नाही, याच्या आईबापांनीही नाही. पूर्वी मी यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय फादरसमोर ठेवला होता: मुलानं बापाच्या अन्यायाचा भार वाहायचा नाही, असं तुमच्याच शास्त्रात लिहिलंय ना? तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की चौथ्या रविवारपर्यंत थांबा. आता कळलं का ते. येशू दोष कुणाचा या चौकशीत शिरतच नाही. तो थुंकून चिखल करतो, डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. आंधळेपण खरं आहे, जन्मापासूनचं आहे, आणि ते त्या माणसाचा गुन्हा नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. धर्मशिक्षणग्रंथातला 404वा परिच्छेद मला त्या दिवशी कळला. चलाखीचा वास गेला.

याच आठवड्यांत दीक्षार्थींना विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं ठरलेलं कबुलीवचन, सुपूर्द करतात. तो पाठ करताना ध्यानात आलं की त्यात आदाम नाही, साप नाही, आदिपाप नाही. पापांची क्षमा मात्र आहे.

पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री बाहेर विस्तव पेटवून त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. मग अंधारात एक फार जुनं स्तोत्र गायलं जातं. त्यात आदामाचं पाप येतं, आणि कसं येतं पाहा: खरोखर आवश्यकच होतं ते पाप, केवढा भाग्याचा तो अपराध, ज्याच्यामुळे असा थोर तारणारा लाभला! माझी धर्ममाता शेजारी कुजबुजली, "तुझं भांडण संपलं का गं?" मी म्हटलं, "अर्धंमुर्धं." त्यानंतर जुन्या करारातली सात वाचनं असतात: सृष्टीची निर्मिती, इसहाकाचं अर्पण, तांबडा समुद्र, पुढे संदेष्टे, शेवटी यहेज्केलचं नव्या हृदयाचं वचन. उत्पत्तीचा तिसरा अध्याय या सातांत नाही. पतनाची गोष्ट त्या रात्री वाचतच नाहीत. ती फक्त गाण्यात येते, तीही आभार मानताना. ज्यानं कुणी ही रचना केली त्याला मी मनातून नमस्कार केला.

बाकीचं भराभर झालं. सैतानाला आणि त्याच्या सर्व कृत्यांना नकार देता का? देते. विश्वास ठेवता का? ठेवते. डोक्यावर तीनदा पाणी, शुभ्र वस्त्र, हातात मेणबत्ती, कपाळावर तेल, आणि पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यात आदिपापाबरोबर आजवर केलेली सगळी पापंही धुतली जातात, त्यामुळे आधी पापनिवेदन करावं लागत नाही. एवढी वर्षं ज्या पापावरून भांडले ते गेलं तेव्हा वेगळं असं काही जाणवलं नाही. पाणी गार होतं, एवढं जाणवलं.

पुढचे पन्नास दिवस घडलेल्या गोष्टींचा अर्थ लावण्याचे. त्यातल्या एका बैठकीत सिस्टरनी विचारलं, काय बदललं? कुणी शांती म्हणालं, कुणी आनंद. मी म्हटलं, ढकलण्याची सवय तशीच आहे. सिस्टरना आश्चर्य वाटलं नाही. बाप्तिस्म्यानं आदिपाप जातं, पापाकडे झुकणारा कल उरतो, झुंजण्यासाठी. ट्रेंटनं हेच म्हटलं आहे. त्या कलाला पाप म्हणायचं नाही, जोवर माणूस त्याला होकार देत नाही तोवर. ल्यूथरचं म्हणणं वेगळं: तो कल हेच खरं पाप, आणि बाप्तिस्मा घेतलेला माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी 1999 साली ऑग्सबर्गला संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यातही या मुद्द्यावर दोघांनी आपापली मांडणी शेजारी शेजारी ठेवली आहे. सिद्धान्त म्हणून मी ट्रेंटच्या बाजूची आहे. रात्री दिवसभराचा हिशेब मांडायला बसले की ल्यूथरचं वर्णन जास्त खरं वाटतं. फादरना हे सांगितलं, तर ते म्हणाले, पापनिवेदनाची वेळ शनिवारी संध्याकाळी असते.